गावाने चालवलेले ग्रंथालय: अमेरिकेच्या लहान गावांतील एका जुन्या वादाचा आढावा

अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये चालवणाऱ्या सुमारे ९,००० स्वतंत्र संस्था आहेत. न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या भव्य इमारती छायाचित्रांत दिसतात, पण या ९,००० पैकी जवळपास तीन चतुर्थांश संस्थांच्या सेवाक्षेत्राची लोकसंख्या २५,००० पेक्षा कमी आहे. म्हणजे अमेरिकेतले नमुनेदार सार्वजनिक ग्रंथालय लहान गावातले असते: मुख्य रस्त्यावरची एक विटांची इमारत, एक-दोन पगारी माणसे, विश्वस्त मंडळावर गावातलेच पाच-सात जण आणि मालमत्ता करातून येणारी बेताची रक्कम.

या इमारतीबद्दल गेली दीडशे-दोनशे वर्षे वाद चालू आहे. ग्रंथालय कशासाठी असावे, त्याचा खर्च कुणी उचलावा आणि कपाटात कोणती पुस्तके असावीत हे कुणी ठरवावे, हे त्यातले तीन मुख्य प्रश्न. गेल्या काही वर्षांत ते एकदमच ऐरणीवर आले आहेत. ग्रंथालयांच्या मुद्द्यावर गावोगावी मतदान होते आहे, न्यायालयांत खटले चालू आहेत आणि केंद्रीय निधीचे भवितव्यही अधांतरी झाले आहे.

गावसभेचा ठराव

सार्वजनिक पैशाने, सर्वांसाठी विनाशुल्क चालणारे ग्रंथालय प्रथम कुठे झाले, यावरही न्यू इंग्लंडमध्ये मतभेद आहेत. मॅसॅच्युसेट्समधील एका नव्या गावाने बेंजामिन फ्रँकलिनचे नाव घेतले आणि चर्चसाठी त्याच्याकडे घंटा मागितली. त्याने घंटेऐवजी पुस्तके पाठवली. ही ११६ पुस्तके सर्व रहिवाशांना मोफत द्यावीत, असा निर्णय फ्रँकलिन गावाने १७९० मध्ये घेतला. मात्र तिथे करातून नियमित तरतूद नव्हती. ती केली न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाने. पाद्री एबिएल अॅबट यांच्या पुढाकाराने ९ एप्रिल १८३३ च्या गावसभेत ठराव झाला: राज्याकडून शाळांसाठी येणाऱ्या निधीचा एक भाग पुस्तकांवर खर्च करायचा. पहिली पुस्तके ठेवली गेली ती गावातल्या किराणा दुकानात, जिथे टपाल कार्यालयही होते. पुढे १८४९ मध्ये न्यू हॅम्पशायरने गावांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याची मुभा देणारा कायदा केला, आणि १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेही तसेच केले.

पश्चिमेकडे आणि मध्य-पश्चिमेत ही कल्पना रुजवली ती मुख्यतः स्त्रियांनी. यादवी युद्धानंतर गावोगावी स्थापन झालेल्या महिला मंडळांनी वर्गणी गोळा केली, केक विकले, एखाद्या दुकानाच्या माडीवर खोली भाड्याने घेतली आणि पाळीपाळीने पुस्तके वाटली. देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी तीन चतुर्थांश अशा मंडळांच्या प्रयत्नातून उभी राहिली, हा अंदाज ग्रंथालय क्षेत्रात वारंवार दिला जातो. नेमका आकडा काहीही असो, पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचा पैसा येण्याआधी अनेक गावांत पुस्तके जमलेली होती आणि ती जमवणाऱ्या बायकांची नावे इमारतीवर लागली नाहीत, एवढे खरे.

कार्नेगी यांच्या देणग्यांतून १८८६ पासून पुढे तीन दशकांत अमेरिकेत जवळपास १,६८० सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती झाल्या. त्यांतल्या १६० हून अधिक एकट्या इंडियाना राज्यात आहेत. अट सरळ होती. गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी करातून देण्याचे वचन द्यायचे. इमारतीचा पैसा कार्नेगींचा, पण पुस्तके, पगार आणि कोळसा गावाचा. ही अट सगळ्यांना मानवली नाही. इतिहासकार जॉर्ज बॉबिन्स्की यांनी अशा २२५ गावांची नोंद केली आहे, ज्यांचा कार्नेगींशी पत्रव्यवहार झाला पण ग्रंथालय झाले नाही. कुठे कर नको होता, कुठे जागा ठरेना. कुठे कार्नेगींच्या होमस्टेड पोलाद कारखान्यातल्या १८९२ च्या संपाचा रक्तपात कामगार विसरले नव्हते आणि त्या माणसाच्या पैशाची इमारत त्यांना नको होती.

गावाबाहेर शेतावर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मेरी टिटकॉम्ब यांनी मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन इथे सोडवायला घेतला. आधी त्यांनी दुकानांत आणि टपाल कार्यालयांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. १९०५ मध्ये दोन घोड्यांची पुस्तकगाडी सुरू केली. देशातले हे पहिले फिरते वाहन-ग्रंथालय मानले जाते. १९१० मध्ये रेल्वेच्या धडकेत गाडी मोडली. दोनेक वर्षांत तिची जागा मोटारीने घेतली.

याच काळातला एक धागा थेट मराठी राज्यकर्त्यापर्यंत येतो. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. बॉर्डन १९१३ पर्यंत तिथे होते. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पुस्तकपेट्या आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांची घडी या काळात बसली.

उदात्त हेतू की वरच्या वर्गाचा धाक?

ही ग्रंथालये का निघाली, याचे उत्तर इतिहासकारांनी पिढीगणिक वेगळे दिले आहे. जेसी शेरा यांनी १९४९ मध्ये न्यू इंग्लंडच्या ग्रंथालयांचा पाया शोधताना सुबत्ता, शिक्षणाचा प्रसार, गावाचा अभिमान अशी अनेक कारणे एकत्र मांडली. त्यांच्या मांडणीतून ग्रंथालय लोकशाहीच्या वाढीसोबत वाढलेले दिसते. १९७३ मध्ये मायकेल हॅरिस यांनी हे चित्र साफ नाकारले. त्यांच्या मते स्थलांतरित कामगारांना वळण लावण्याची, त्यांना दारूच्या गुत्त्यापासून आणि बंडखोरीपासून दूर ठेवण्याची वरिष्ठ वर्गाची इच्छा हे ग्रंथालयामागचे खरे बळ होते. डी गॅरिसन यांनी १९७९ च्या पुस्तकात ग्रंथपालाच्या पेशात स्त्रिया मोठ्या संख्येने का आल्या आणि त्यांना कमी पगारावर का ठेवले गेले, हा दुर्लक्षित भाग पुढे आणला.

शेरा आणि हॅरिस या दोन्ही बाजूंनी संस्थापकांची भाषणे आणि अहवाल वाचले होते. वाचक काय करत होते, याकडे वेन विगंड यांनी लक्ष वळवले. ‘मेन स्ट्रीट पब्लिक लायब्ररी’ या २०११ च्या पुस्तकासाठी त्यांनी मिनेसोटातले सॉक सेंटर, आयोवातले ओसेज, विस्कॉन्सिनमधले ऱ्हाइनलँडर आणि मिशिगनमधले लेक्सिंग्टन या चार गावांच्या १८७६ ते १९५६ या काळातल्या नोंदी तपासल्या. सॉक सेंटर हे सिंक्लेअर लुईस यांचे जन्मगाव. ‘मेन स्ट्रीट’ या १९२० च्या कादंबरीत त्यांनी अशाच गावाच्या संकुचितपणावर बोट ठेवले होते. विगंड यांना मात्र या नोंदींत दिसल्या त्या कादंबऱ्या नेणाऱ्या बायका, वाचनकक्षात भेटणारी माणसे आणि वरून आलेले उपदेश शांतपणे बाजूला ठेवणारे गाव. ग्रंथपाल गंभीर पुस्तकांची शिफारस करत, लोक प्रेमकथा आणि रहस्यकथा मागत, आणि गाव स्वतःच्या कराने चालवत असल्याने शेवटी मागणीचेच चाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. १९४९ मध्ये ग्रंथालयांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा भाग म्हणून बर्नर्ड बेरेल्सन यांनी दाखवले होते की महिन्यातून एकदा तरी ग्रंथालयात जाणारे प्रौढ सुमारे दहा टक्केच आहेत, आणि तेही जास्त शिकलेले. तेव्हा ‘गावाचे’ ग्रंथालय म्हणताना गावातले नेमके कोण, हा प्रश्न उरतोच.

दाराबाहेरची माणसे

त्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर दक्षिणेतल्या गावांनी दिले. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात ऑगस्ट १९३९ मध्ये पाच कृष्णवर्णीय तरुण एकेक करून ग्रंथालयात गेले, त्यांनी सभासदत्व मागितले, नकार मिळाल्यावर पुस्तक घेऊन टेबलाशी वाचत बसले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्यांच्या मागे वकील सॅम्युअल टकर यांची आखणी होती. शहराने दार उघडण्याऐवजी पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, छोटे ग्रंथालय बांधले.

ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलमध्ये रूथ ब्राउन यांनी तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले होते. १९५० मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. कारण दिले गेले ते ग्रंथालयात ठेवलेल्या डाव्या विचारांच्या नियतकालिकांचे. खरा राग होता त्यांच्या वांशिक समतेच्या कामावर. कपाटातल्या पुस्तकांवरून चाललेले आजचे वाद समजून घेताना हे प्रकरण आठवावे लागते, कारण तिथेही पुस्तक हे निमित्त होते.

व्हर्जिनियातल्याच डॅनव्हिलची गोष्ट त्याहून विदारक आहे. १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या ग्रंथालयात प्रवेश मागितला, न्यायालयाने तो मान्य केला, तेव्हा गावाने ग्रंथालयच बंद केले. काही महिन्यांनी ते उघडले ते खुर्च्या काढून टाकून, म्हणजे दोन वर्णांची माणसे एका टेबलाशी बसायला नकोत. ग्रंथालयाला गावाचे हृदय म्हणणाऱ्या लेखनात हा प्रसंग क्वचित येतो, आणि तो आला पाहिजे.

बाकीची दारे बंद झाल्यावर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहान गावात ग्रंथालय एकटे नव्हते. शेतकऱ्यांच्या ग्रेंज संघटनेचे सभागृह होते, चर्चे होती, शाळा होती, साप्ताहिक होते. मग एकेक करून ती विरळ झाली. १९४० च्या सुमारास देशात १,१७,००० शालेय जिल्हे होते. एकत्रीकरणानंतर ते १३,००० च्या आसपास उरले, आणि कित्येक गावांनी आपली शाळा गमावली. २००५ पासून ३,००० हून अधिक स्थानिक वर्तमानपत्रे बंद पडली. बँकांच्या शाखा आणि रुग्णालये गेली ती वेगळीच.

या पडझडीच्या पार्श्वभूमीवर समाजशास्त्रात ग्रंथालयाचे महत्त्व वाढले. रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा यांपलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे मुख्यतः कॅफे, दुकाने आणि गुत्ते होते. रॉबर्ट पुटनम यांनी २००० मध्ये सामूहिक जीवनाच्या ओहोटीचा ताळेबंद मांडला. एरिक क्लिननबर्ग यांनी २०१८ च्या पुस्तकात ग्रंथालयाला ‘सामाजिक पायाभूत सुविधा’ म्हटले: रस्ता किंवा जलवाहिनी जशी सार्वजनिक पैशाने बांधतात, तशी माणसांच्या गाठीभेटींची जागाही बांधावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद.

लहान गावांत या युक्तिवादाला भरपूर पुरावा मिळतो. १९९६ च्या दूरसंचार कायद्याखाली ग्रंथालयांना इंटरनेटसाठी सवलत मिळू लागली आणि शेतावरच्या कुटुंबांना जोडणी मिळण्याची ती जवळची जागा झाली. २०२० च्या टाळेबंदीत अनेक ग्रंथालयांनी दारे बंद ठेवली पण वाय-फाय चालू ठेवले. मुले गाडीत बसून वाहनतळावर गृहपाठ करत. टेक्ससमधल्या पॉट्सबरो या अडीच हजार वस्तीच्या गावात ग्रंथालयाने एक छोटी खोली दूरस्थ वैद्यकीय तपासणीसाठी तयार केली, कारण गावकऱ्यांच्या घरची जोडणी डॉक्टरशी बोलण्याइतकी भरवशाची नव्हती. प्यू संशोधन केंद्राच्या २०१६ च्या पाहणीत दोन तृतीयांश लोकांनी म्हटले की ग्रंथालय बंद झाले तर समाजावर मोठा परिणाम होईल. स्वतःवर किंवा कुटुंबावर मोठा परिणाम होईल, असे म्हणणारे त्याच्या निम्मे होते.

विरोधी मत ग्रंथपालांच्या पेशातूनच आले आहे. फोबाझी एटार यांनी २०१८ मध्ये लिहिले की ग्रंथपालाच्या कामाला पवित्र व्रत मानण्याच्या सवयीमुळे कमी पगार आणि वाढता बोजा यांबद्दल बोलणेच अवघड होते. ग्रंथपालाने कराचे अर्ज भरून द्यावेत, बेघरांना निवारा शोधून द्यावा, अमली पदार्थांच्या अतिसेवनावर प्रथमोपचार करावेत, आणि संध्याकाळी मुलांना गोष्टही सांगावी. दुसरा आक्षेप जुन्या वळणाचा आहे: सगळेच केले तर पुस्तकांचे काय? दोन्हींत तथ्य आहे, पण पहिला अधिक निकडीचा वाटतो. अर्धवेळ नोकरीवरच्या एका बाईच्या खांद्यावर गाव आपल्या सगळ्या बुडालेल्या संस्थांचे काम टाकत असेल, तर ते कौतुकाचे म्हणता येत नाही.

पैसा कुणाचा

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार ग्रंथालयांना राज्य सरकारचे अनुदान मिळते. वेगळा ग्रंथालय कर नाही. अमेरिकेत उलट आहे. खर्चाचा सुमारे ८५ टक्के भाग स्थानिक करातून येतो, राज्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आत आणि केंद्राचा एक टक्क्याच्याही खाली. शिवाय अनेक ठिकाणी हा कर ठराविक वर्षांनी थेट मतदारांपुढे मंजुरीसाठी ठेवावा लागतो.

याचा अर्थ काय होतो, ते ओरेगॉनने दाखवून दिले. तिथल्या अनेक कौंट्यांचा कारभार केंद्रीय जंगलांतल्या लाकडाच्या उत्पन्नावर चालत असे. तोड घटली, त्याबदली मिळणारी केंद्रीय मदतही आटली. जॅक्सन कौंटीने एप्रिल २००७ मध्ये आपली सर्व १५ ग्रंथालये बंद केली. ऑक्टोबरमध्ये ती उघडली ती एका खासगी कंपनीकडे चालवायला देऊन, कमी वेळांसह. पुढे मतदारांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर-जिल्हा मंजूर केला आणि २०२० मध्ये कारभार पुन्हा सार्वजनिक झाला. शेजारच्या डग्लस कौंटीत नोव्हेंबर २०१६ मध्ये अशाच कर-जिल्ह्याचा प्रस्ताव आला. १,००० डॉलरच्या मालमत्तेमागे ४४ सेंट एवढा कर होता. मतदारांनी तो फेटाळला. २०१७ च्या मेअखेरपर्यंत तिथली सर्व ११ ग्रंथालये बंद झाली.

कर नाकारणाऱ्यांची बाजू पुस्तकद्वेषाची नव्हती. लाकूडतोड थांबल्याने उत्पन्न घटलेले, पोलीस आणि रस्त्यांसाठीही पैसे न पुरणारे, सरकारवर विश्वास उडालेले लोक नवा कर द्यायला तयार नव्हते. स्थानिक निधीचे समर्थक म्हणतात की गाव स्वतः पैसे देते म्हणूनच गाव ग्रंथालयाकडे आपले म्हणून पाहते. टीकाकार म्हणतात की ज्या गावाला ग्रंथालयाची सर्वांत जास्त गरज, त्याचीच करक्षमता सर्वांत कमी. १९५६ चा ग्रंथालय सेवा कायदा याच विषमतेवर उपाय म्हणून आला होता. १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या भागांसाठी वर्षाला ७५ लाख डॉलरची मर्यादा त्यात होती.

केंद्राचा वाटा आज नगण्य दिसतो, पण लहान गावांसाठी तो मोक्याच्या ठिकाणी असतो. एका ग्रंथालयातून दुसऱ्यात पुस्तके नेणारी वाहतूक, ई-पुस्तकांचे सामायिक परवाने, राज्य ग्रंथालयाचे प्रशिक्षण असे खर्च त्यातून भागतात. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने हा निधी वाटणारी केंद्रीय संस्था गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा साउथ डकोटाला आंतर-ग्रंथालय देवघेव थांबवावी लागली आणि मिसिसिपीने एक लोकप्रिय ई-पुस्तक सेवा बंद केली. २१ राज्ये न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडच्या केंद्रीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

कपाटात काय ठेवायचे

सर्वांत कडवट वाद इथे आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. २०२४ मध्ये हा आकडा २,४५२ झाला. आक्षेपांत समलिंगी व लिंगभाव-विषयक आणि वंशविषयक पुस्तकांचे प्रमाण मोठे आहे.

मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपची लोकसंख्या १०,००० च्या आसपास. तिथल्या पॅटमॉस ग्रंथालयाचा कर मतदारांनी ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दोनदा नाकारला, कारण समलिंगी विषयांवरची काही पुस्तके काढायला ग्रंथालयाने नकार दिला होता. देशभरातून देणग्या आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या मतदानात कर मंजूर झाला.

टेक्ससच्या लॅनो कौंटीत १७ पुस्तके काढली गेली आणि २०२२ मध्ये वाचकांनी खटला भरला. खालच्या न्यायालयाने पुस्तके परत ठेवायला सांगितले, तेव्हा कौंटीने ग्रंथालयेच बंद करण्याचा विचार बोलून दाखवला आणि मग मागे घेतला. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी निर्णय दिला की पुस्तक काढल्याबद्दल वाचक अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊ शकत नाही; सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तकनिवड ही शासनाची अभिव्यक्ती आहे, असेही बहुमतातल्या काही न्यायाधीशांनी म्हटले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

इथे तीन भूमिका आहेत. पहिली पालकांची आणि काही लोकप्रतिनिधींची: पैसा गावाचा, मुले गावाची, तेव्हा मुलांच्या कपाटाबद्दल गावाने बोलणे ही सेन्सॉरशिप नव्हे, पुस्तक दुकानात मिळतेच. दुसरी संघटनेची, १९३९ च्या ‘ग्रंथालय हक्कांच्या जाहीरनाम्या’ची: मत पटत नाही म्हणून पुस्तक काढू नये, आणि बहुमताला न आवडणारे पुस्तक हवे असणारा अल्पसंख्य वाचकही करदाता असतो. तिसरी, कमी ऐकू येणारी, गावातल्या ग्रंथपालांची: पुस्तके निवडणे आणि जुनी काढणे हे रोजचेच काम आहे, पण प्रत्येक निवड राजकीय ठरू लागली की ते काम करता येत नाही. राज्येही विभागली आहेत. इलिनॉयने २०२३ च्या कायद्याने अनुदानासाठी त्या जाहीरनाम्याचे किंवा तशाच धोरणाचे पालन सक्तीचे केले. त्याच वर्षी माँटानाचा राज्य ग्रंथालय आयोग संघटनेतून बाहेर पडला.

आयडाहोच्या २०२४ च्या कायद्याने अल्पवयीनांना ‘हानिकारक’ पुस्तक मिळाल्यास खटला भरायला वाट करून दिली. मोठ्या ग्रंथालयांना वेगळा प्रौढ विभाग करता आला. डॉनली या इवल्याशा गावाचे ग्रंथालय म्हणजे एक लाकडी घर. तिथे वेगळी खोली कुठून आणायची? त्या ग्रंथालयाने मुलांना एकट्याने आत येणे बंद केले. कायदा करताना अशा एका खोलीच्या ग्रंथालयाचा विचार झाला नव्हता, असे मानायला जागा आहे.

अजून न सुटलेले

लॅनोच्या निकालाचा अधिकार टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी एवढ्याच राज्यांवर चालतो. आठव्या सर्किट न्यायालयाने २०२४ मध्ये आयोवातल्या शालेय ग्रंथालयांबाबत शासकीय अभिव्यक्तीचा हाच युक्तिवाद नाकारला आहे. इतर राज्यांतल्या गावाने पुस्तक काढले तर घटना काय म्हणते, याचे एकच उत्तर आज नाही.

ग्रंथालयाचे यश कशाने मोजायचे, यावरही एकमत नाही. प्रत्यक्ष भेटी २००९ च्या सुमारास शिखरावर होत्या आणि नंतरच्या दशकात घटून २०१९ मध्ये सव्वाशे कोटींवर आल्या. काही जण याला ओहोटी म्हणतात. काही जण ई-पुस्तके, वाय-फाय आणि कार्यक्रमांकडे बोट दाखवतात, ज्यांची मोजणी अलीकडेच नीट होऊ लागली.

आणि मोजणीचीच एक अडचण ओरेगॉनमध्ये उघडी पडली. डग्लस कौंटीतले रोझबर्ग शहराचे ग्रंथालय शहराने स्वतःच्या जबाबदारीवर २०१८ च्या अखेरीस उघडले. आजूबाजूच्या अनेक लहान गावांत लोकांनी किल्ल्या मागून घेतल्या आणि विनावेतन, आठवड्यातले मोजके तास, दान आलेल्या पुस्तकांवर वाचनालये चालू केली. केंद्रीय पाहणीत सार्वजनिक ग्रंथालय म्हणून नोंद व्हायला पगारी कर्मचारी आणि सार्वजनिक निधी लागतो. स्वयंसेवकांवर चाललेल्या या खोल्या त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे देशात किती गावांनी ग्रंथालय गमावले आणि किती गावांनी ते स्वतःच्या बळावर टिकवले, हे राष्ट्रीय आकड्यांवरून सांगता येत नाही.